खांद्यावरची खाच

मित्रांनो, मी लाकडाची एक जुनी मेंढी आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण मला पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण म्हणतो, ही तर शेळी! माझी शेपटी वर उभी आहे आणि हनुवटीखाली दाढीसारखं एक टोक आलेलं आहे. त्यात माझा काही दोष नाही. ज्यांनी मला घडवलं त्या तोराकिची आजोबांनी जन्मात मेंढी पाहिली नव्हती. आमच्या जपानच्या गोतो बेटांवर मेंढ्या नाहीतच. समुद्र आहे, मासे आहेत, कॅमेलियाची झाडं आहेत, उतारावर चरणाऱ्या शेळ्या आहेत, आणि टेकडीवर आमचं छोटं चर्च आहे.

आजोबा होड्या बांधणारे सुतार होते. त्यांची मुलगी सेत्सु शहरात जाऊन लहान मुलांना धर्म शिकवण्याची एक वेगळी रीत शिकून आली होती. त्या रीतीत पाठांतर नसतं, छडी नसते, व्याख्यान तर नसतंच. लहानग्यांच्या हातात लाकडाच्या छोट्या छोट्या मूर्ती द्यायच्या, मेंढपाळ आणि त्याचा कळप, आणि गोष्ट त्यांच्या हातांनीच घडू द्यायची. सेत्सुने वडिलांना मेंढ्या करायला सांगितल्या तेव्हा ते म्हणाले, "मेंढी म्हणजे काय गं, शेळीच ना? थंडीचे कपडे घातलेली." आणि वादळात पडलेल्या एका कॅमेलियाच्या फांदीतून त्यांनी सगळ्यात आधी मला कोरलं.

सेत्सु मला पाहून पोट धरून हसली. मग तिने चित्र आणून दाखवलं. बाकीच्या नऊ जणी त्या चित्राबरहुकूम झाल्या, शेपट्या खाली, हनुवट्या गोल. आजोबा करवत घेऊन माझी शेपटी कापायला निघाले होते. सेत्सुने त्यांचा हात धरला आणि राहू दे म्हणाली. शेपटी वाचली खरी, पण तेव्हापासून माझ्या जिवाला जो घोर लागला तो आजतागायत सुटलेला नाही.

कारण चर्चला लागून असलेल्या मुलांच्या खोलीत आम्हाला ठेवलं आणि तिथे मी आणखी एक गोष्ट ऐकली. शेवटच्या दिवशी प्रभू मेंढरांना उजवीकडे उभं करील आणि शेरडांना डावीकडे, आणि डावीकडच्यांना घालवून देईल. शेजारच्या चर्चमध्ये तो धडा वाचला जायचा तेव्हा भिंतीतून शब्द न् शब्द ऐकू यायचा. माझ्या नऊ बहिणी फळीवर स्वस्थ उभ्या असायच्या. मी मात्र शेपटीचा विचार करत बसायची.

आजोबांनी मेंढपाळही कोरला. त्याच्या हातात काठी आणि डाव्या खांद्यावर एक खाच. होडीच्या काठावर वल्हं अडकवायला जशी खाच करतात, तशीच. हरवलेली मेंढी सापडली की तिला त्या खाचेत बसवायचं. आमच्या सगळ्यांची पोटं आजोबांनी एकाच मापाने तासली होती. कोणालाही त्या खाचेत ठेवा, डुगडुगत नसे. आजोबा गेले त्याला आता पुष्कळ काळ लोटला. त्यांची पटाशी खोलीतल्या खणात आहे.

त्या खोलीबद्दल सांगते. दर शनिवारी दुपारी मुलं यायची. बूट बाहेर, आवाज हळू. कोणी छोट्या वेदीवर छोटं कापड अंथरायचं, कोणी मेणबत्ती लावायचं, कोणी एका भांड्यातले दाणे दुसऱ्या भांड्यात ओतत बसायचं. सेत्सुबाई, सगळी मुलं तिला बाईच म्हणत, गालिच्यावर गुडघे टेकून बसायची, आम्हाला एकेक करून मेंढवाड्यातून बाहेर काढायची आणि गोष्ट सांगायची. मेंढपाळ आपल्या मेंढ्यांना नावाने हाक मारतो. एखादी हरवली तर बाकीच्यांना सोडून तिला शोधायला जातो. एवढं झालं की ती आपला नेहमीचा प्रश्न विचारायची, "ही मेंढरं कोण असतील बरं?" आणि गप्प बसायची. उत्तर कधीच द्यायची नाही. एका पालकाने चिडून विचारलं होतं की बाई, सांगून का टाकत नाही. तर म्हणाली, "मी सांगितलं तर ते माझं उत्तर होईल. त्यांचं त्यांना सापडू दे."

एके काळी खोली मुलांनी भरून जायची. मग एकेक कुटुंब बोटीत बसून शहराकडे गेलं आणि फळीवर आमच्या अंगावर धूळ बसू लागली. उरली मोजकी मुलं. त्यांनी मला शेळीबाई असं नाव ठेवलं होतं. मेंढवाड्यात मला नेहमी सगळ्यात मागे उभं करायचे. मी मनाची समजूत घालायची, की मागे का होईना, आत आहोत.

मग नागिसा आली.

पाच वर्षांची, कपाळावर सरळ कापलेले केस, सदा मिटलेलं तोंड. तिची आई फुकुओका शहरात एका वृद्धाश्रमात कामाला गेली होती आणि जाताना तिला हात्सुए आजीकडे ठेवून गेली होती. बोटीवर चढताना आई म्हणाली, लवकर येते. लवकर म्हणजे किती, हे आजीलाही ठाऊक नव्हतं. आई दर रविवारी फोन करायची. मुलगी फोन कानाला लावायची, हं हं म्हणायची आणि परत द्यायची.

पहिल्याच शनिवारी तिने आम्हा दहाही जणींना नीट पाहिलं आणि मला उचललं. माझ्या शेपटीवरून बोट फिरवत ती स्वतःशीच म्हणाली, "हिची शेपटी वर आहे. म्हणजे ही घाबरलेली नाही."

मित्रांनो, काय सांगू! त्या खोलीत माझ्याइतकं घाबरट कोणी नसेल. पण त्या दिवसापासून ती आली की मी थोडी ताठ उभी राहू लागले. ती फक्त मलाच हरवायची आणि मलाच शोधायची. मेंढपाळाला गालिच्यावरून हळूहळू चालवत माझ्यापर्यंत आणायची, मला खाचेत बसवायची आणि घरी न्यायची. पुन्हा हरवायची. पुन्हा आणायची. बाई दुरून पाहायची, मध्ये कधी बोलायची नाही.

आणि एके शनिवारी, सगळी मुलं बूट घालत असताना, नागिसाने मला आपल्या झग्याच्या खिशात टाकलं.

खोलीतली वस्तू खोलीबाहेर न्यायची नाही, हा तिथला नियम होता, आणि तिला तो पक्का माहीत होता. ती चर्चच्या मागे गेली. तिथे पायऱ्यांजवळ एक म्हातारं कॅमेलियाचं झाड आहे. त्याच्या बुंध्यात, मुळांच्या जरा वर, एक ढोली आहे. तिने मला तिथे ठेवलं, वर दोन पानं टाकली, आणि तोंड ढोलीजवळ आणून कुजबुजली, "खरंच येतात का, ते बघायचंय. तू घाबरू नकोस."

मग तिची पावलं दूर गेली.

ढोलीत ओल होती आणि कुजक्या पानांचा वास होता. पानांच्या फटीतून मला खोलीची खिडकी दिसायची. मी तिच्याकडे डोळे लावून बसले. मनात एकच विचार, कोण येणार? माझ्यासाठी कोण येणार? सरळ शेपटीची, गोल हनुवटीची असते तर गोष्ट वेगळी. त्यात पहिल्याच संध्याकाळी ढोलीच्या आतल्या अंगाला काहीतरी सळसळलं. लांबलचक, असंख्य पायांची एक गोम माझ्या पोटाखालून गेली आणि तिथेच मुटकुळं करून राहिली. मी लाकडाची, मला ती काय करणार? तरीही अंगावर काटा आला.

पुढच्या शनिवारी खिडकीतून मी पाहत होते. बाईने मेंढवाडा उघडला आणि तिचा हात मध्येच थांबला. तिने फळीखाली पाहिलं, गालिचा उचलून पाहिला. तेवढ्यात शिमोमुराकाकू आत आल्या. या काकू चर्चच्या समितीवर होत्या. कामाला वाघ, जिभेलाही. माझ्यावर त्यांचा पहिल्यापासून राग. धर्माच्या खोलीत शेरडू कशाला, हे त्यांचं ठरलेलं बोलणं. त्यांचा आवाज बंद काचेतूनही स्पष्ट यायचा.

"हरवली? बरंच झालं की. देवानेच निवाडा केला," त्या म्हणाल्या आणि पिशवीतून कागदात गुंडाळलेली एक मेंढी काढली. शहरातून मुद्दाम मागवलेली, अंगभर खरी लोकर, शेपटी खाली. "ही ठेव. दहाच्या दहा झाल्या. मुलांना काय कळतंय?"

बाई घुटमळली. मला वाटलं, आता ती नाही म्हणेल. तिच्या वडिलांच्या हातची मी, पहिली. पण काकू वयाने मोठ्या, हौसेने आणलेली वस्तू, आणि मुलं दारात येऊन थांबलेली. तिने मान लववून आभार मानले आणि नवी मेंढी माझ्या जागेवर उभी केली. माझ्या आत काहीतरी तडकल्यासारखं झालं. झालं, आपलं नाव पुसलं गेलं, असं मी स्वतःला सांगितलं.

मग मुलं आत आली आणि त्यांच्या पाठीआड काय घडलं ते मला दिसलं नाही, बहिणींनी नंतर सांगितलं. नागिसाने मेंढवाडा उघडला आणि लोकरवालीकडे पाहतच राहिली. मग तिला उचलून मेंढपाळाच्या खाचेत ठेवलं. लोकरीमुळे तिचं पोट फुगीर, ती बसेना. गालिच्यावर घरंगळली. पुन्हा ठेवली, पुन्हा घरंगळली. मागून काकू म्हणाल्या की गोंदाने चिकटवून टाकू. नागिसाने सगळी मेंढरं आत घातली, मेंढवाड्याचं दार लावलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मुलं जाईपर्यंत तशीच.

मी ढोलीत, ती घरात. वाऱ्याची दिशा बदलत होती. वादळांचे दिवस जवळ येत होते. कधी पाऊस ढोलीत शिरायचा आणि माझं लाकूड फुगायचं. मला माझी काळजी होतीच, पण आता तिची जास्त वाटू लागली होती. तिने काय पाहिलं असेल त्या लोकरीत? माझ्या जागी दुसरी उभी राहिली, आणि कोणी हूं की चूं केलं नाही!

ते मला पायऱ्यांवरच्या बोलण्यातून कळलं. रविवारची प्रार्थना संपली होती. हात्सुए आजी बाईला अडवून थांबली. हातात रताळ्याच्या वड्यांचा डबा होता, पण द्यायचं विसरून ती नुसतीच उभी राहिली.

"बाई, पोर फोनला हात लावत नाही," आजी म्हणाली. "दोन रविवार झाले. तिकडे आई रडते, इकडे ही गप्प. काल मीच ओरडले. म्हटलं, अगं तुझी आई आहे ती, येणार आहे तुला न्यायला. तर मला काय म्हणाली माहितेय?"

"काय?"

"म्हणाली, आईने तिकडे दुसरी ठेवली असेल माझ्या जागेवर. तिला लोकर असेल." आजीने प्रार्थनेसाठी डोक्यावर घेतलेल्या ओढणीचा कोपरा डोळ्याला लावला. "कसली लोकर, बाई? मला काही उमगेना."

बाईला उमगलं. मला झाडातून तिचा चेहरा दिसत होता. तो पांढराफटक पडला होता. तिने आजीला काहीच समजावून सांगितलं नाही. फक्त विचारलं, पोर आत्ता कुठे आहे. आजी म्हणाली, खोलीच्या खिडकीशी बसलीय, वारा बघत.

त्याच वेळी खांबावरचा भोंगा वाजला. संध्याकाळपर्यंत वादळ येणार, होड्या बांधा, खिडक्यांच्या फळ्या लावा. लोक घराकडे धावू लागले. बाई मात्र खोलीत गेली, फळीवरून मेंढपाळ उचलला, आपल्या एप्रनच्या खिशात घातला आणि बाहेर आली.

"हरवलेली मेंढी शोधायची आहे," एवढंच तिने आजीला सांगितलं. आजी तिच्या मागे मागे. "अहो, पोरीनेच ठेवली असणार कुठेतरी. मी विचारते, दोन मिनिटांत सांगेल."

"विचारू नका," बाई म्हणाली. "विचारून मिळाली तर मी शोधली असं होत नाही."

आणि ती शोधू लागली. गटाराच्या झाकणाखाली, पाण्याच्या टाकीमागे, घंटेच्या खांबाजवळच्या गवतात. धक्क्यापर्यंतही गेली, हे मी नंतर ऐकलं, आणि पालथ्या घातलेल्या होड्यांखाली वाकून पाहून आली. दोर आवळणारा एक कोळी तिला म्हणाला, "बाई, शेरडू हरवलं म्हणे? दाव्याला बांधून ठेवायचं होतं ना!" ती हसलीसुद्धा नाही. शिमोमुराकाकू खिडक्यांना फळ्या ठोकत होत्या. त्या आधी म्हणाल्या की सेत्सु, डोकं फिरलं का तुझं, एका लाकडाच्या तुकड्यासाठी! बाईने ऐकलं नाही तेव्हा हातोडी खाली ठेवून पुटपुटत त्यादेखील गवत चाळू लागल्या.

खिडकीची एकच फळी लावायची राहिली होती. तिच्या फटीत नागिसाचा चेहरा होता. ती सगळं पाहत होती. तिने तोंड उघडलं असतं तर एका शब्दात काम झालं असतं. पण ती बोलत नव्हती आणि मला तिच्यावर रागावता येत नव्हतं. तिला मी कुठे आहे हे माहीत होतं. बाई किती वेळ शोधते, हे तिला माहीत नव्हतं.

बाई माझ्या झाडापाशी आली. मी जिवाच्या आकांताने ओरडले असते, पण लाकडाचा आवाज माणसांना कुठला ऐकू जायला? तिने बुंध्याभोवती फेरी मारली, मुळांत पाहिलं आणि पुढे गेली. पुढे गेली, मित्रांनो! तिची पाठ मला दिसत होती. केस विस्कटलेले, एप्रन फडफडत होता. पावसाचे पहिले टपोरे थेंब पडले. काकू ओरडल्या की बस झालं, आत चल. बाई पायरीवर थांबली. खिशातल्या मेंढपाळावर तिचा हात होता.

मग ती वळली. परत आली, गुडघे टेकले, आणि पानं बाजूला सारून ढोलीत हात घातला.

गोम तिला डसली ते मला जाणवलं. तिचा हात एकदम आखडला, तोंडातून श्वास बाहेर पडला. आता ती हात काढून घेणार, असं वाटलं. तिने हात आणखी आत घातला, माझी शेपटी बोटांत पकडली आणि मला बाहेर काढलं. वर उभी शेपटी आयुष्यात पहिल्यांदाच कामाला आली.

तिने माझ्यावरचा चिखल एप्रनने पुसला, मेंढपाळ खिशातून काढला आणि तिथेच, पावसात, मला त्याच्या खाचेत बसवलं. ओलीने फुगले होते, तरी बसले. खोलीचं दार धाडकन उघडलं. नागिसा अनवाणी पळत आली आणि बाईसमोर उभी राहिली. बाईचं बोट सुजून लाल झालं होतं. नागिसाने त्या बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा बोटाकडे.

"मी लपवली होती," ती म्हणाली.

"हो का?" बाई म्हणाली. "छान जागा होती. मला लवकर सापडली नाही."

"दुखतंय?"

"दुखतंय."

नागिसाने विचारलं, "नवी होती ना तुमच्याकडे. मग कशाला आलात?"

बाई उत्तर देणार नाही हे मला माहीत होतं. तिने दिलंही नाही. फक्त मला मेंढपाळासकट नागिसाच्या हातात दिलं. नागिसाने मला छातीशी धरलं आणि तिच्या मिटलेल्या तोंडातून असं रडू फुटलं की वारासुद्धा क्षणभर ऐकू येईना. आजी तिला पोटाशी घेऊन आत घेऊन गेली. काकूंनी बाईचं बोट गरम पाण्याने धुतलं आणि धुताना तिला यथेच्छ झापलं.

वादळ आलं, गेलं. काही कौलं उडाली, माझ्या झाडाची एक फांदी मोडली. पुढच्या रविवारी नागिसाने फोन घेतला. आजीने नंतर बाईला सांगितलं की पोर एवढंच म्हणाली, "आई, मी कुठे आहे ते तुला माहितेय ना? मी लपलेली नाही." मग आई म्हणाली की नाताळच्या आधी येते.

शनिवारी काकू लोकरवालीला पिशवीत घालून परत न्यायला आल्या होत्या. जरा ओशाळल्याच होत्या. नागिसाने पिशवी धरून ठेवली.

"तिला कशाला नेता? ती कुठे जाईल मग?" असं विचारून तिने लोकरवालीला माझ्या शेजारी उभं केलं. मग बाईकडे वळून म्हणाली, "पण ही हरवली तर? खांद्यावर बसत नाही."

बाईने खणातून आजोबांची पटाशी काढली आणि खाच रुंद केली. हळूहळू, वडिलांच्या हातच्या कामाला हात लावताना लावायचा तसा. लाकडाच्या ढलप्या गालिच्यावर पडल्या. लोकरवाली बसली. मग बाईने सवयीने विचारलं, "ही मेंढरं कोण असतील बरं?" नागिसाने मान वर केली नाही. तिने बाईचं बोट धरलं, जिथे डसल्याचा डाग अजून होता, आणि ते आधी माझ्या पाठीवर ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर. बाई नाक पुसायला उठून गेली.

आता नाताळ जवळ आला आहे. नागिसाची आई येईल का, मला ठाऊक नाही. दुपारी बोटीचा भोंगा वाजला की नागिसाचे हात थांबतात. मेंढपाळाने मेंढवाड्याकडे तोंड करून उभं राहायचं असतं. ती त्याला धक्क्याकडे वळवून ठेवते. बाई त्याला सरळ करत नाही.

मित्रांनो, मी बोलूनचालून लाकूड. तुम्हाला काय शिकवणार? पण ढोलीत बसून एक गोष्ट मला फार जवळून कळली, ती सांगते. तुमच्याकडचं एखादं खेळणं, एखादं मांजर, एखादा मित्र जागेवर दिसला नाही, तर ती जागा भरायची घाई करू नका. आधी बाहेर जाऊन बघा. कोणीतरी कुठेतरी पानांच्या फटीतून तुमची वाट पाहत असेल.

खाच रुंद झाल्यापासून मी खांद्यावर पहिल्यासारखी घट्ट बसत नाही, डुगडुगते. पडेन की काय, अशी धास्ती वाटते. पण नागिसा मेंढपाळाला चालवते तेव्हा तिचं एक बोट माझ्या पाठीवर असतं.